दसऱ्याचं कुंकू आणि काळी स्विफ्ट

काळी गाडी घेऊ नकोस, असं शोरूममधला पोरगा सोडून सगळ्यांनी बजावलं होतं. घेतली. कोथरूडला आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत अकरा गाड्या उरकतो, त्यात माझी नववी. नवव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात निम्मा कर्वे रोड उतरलेला असतो.

त्यात मागच्या दसऱ्याला आईने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते रात्रभर वाळलं आणि सकाळी कामावर निघायच्या घाईत मी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं. संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबखाली बघतो तर स्वस्तिक गेलेलं, आणि तिथे बारीक चऱ्यांचा ताटलीएवढा गोल. आईला दाखवलं तर म्हणाली, "देवाच्या कुंकवाने कुठे चरे पडतात का? तूच आडमुठ्यासारखं पुसलं असशील." खरंच होतं.

आधी एका ठिकाणी पैसे देऊन पॉलिश करून घेतलं. गाडी आरशासारखी! तिसऱ्या धुण्याला चरे पुन्हा हजर. ते मुळात घासलेच नव्हते. तेलकट ग्लेझने नुसते बुजवले होते, साबणाने ते निघून गेलं. तेव्हा ठरवलं, आपणच करू. भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खात्यात, 26 वर्षं मोल्डला पॉलिश मारतोय. आधी दगड, मग एमरी, मग डायमंड पेस्ट 6 मायक्रॉन, 3, 1. गाडीचं पॉलिश ते काय!

हीच घमेंड नडली. मोल्डला खाली भरपूर स्टील असतं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. चरा घालवणं म्हणजे चरा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा कोट त्याच्या तळापर्यंत उतरवणं. आणि उतरवलेलं परत चढत नाही. नशीब, सराव गाडीवर केला नाही. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं होती तेव्हा तिथून एक जुनं बॉनेट आणून ठेवलं होतं. मित्राचं रोटरी मशीन, म्हणजे नुसतं गोल फिरणारं, लोकरी पॅड, जाड कंपाउंड म्हणजे खरखरीत पॉलिश. बॉनेटच्या कडेवर जेमतेम चार सेकंद थांबलो असेन, पॅड काळं झालं आणि खालून करडा प्रायमर हसायला लागला. कडेला रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. आता कडांना आधी मास्किंग टेप, मग बाकीचं.

मग ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घेतलं. ते फिरतं आणि डुलतंही, त्यामुळे एका जागी तापत नाही. बाटल्या निवडताना मात्र टूलरूम कामी आली. मेंझेर्ना कंपनीच्या पॉलिशचे आकडे एमरीसारखेच चालतात: 400 जाड, 2500 मधलं, 3800 शेवटचा हात. सगळे दुकानात आधी 400 उचलतात, आम्ही टूलरूमवालेसुद्धा. गाडीवर उलटं करायचं. गाडी धुऊन, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवून, बॉनेटचा दीड फुटाचा चौकोन घ्यायचा आणि सगळ्यात मऊ पॅडवर 3800 मारून बघायचं. भागलं तर तिथेच थांबायचं. माझं नाही भागलं, निम्मे चरे राहिले. मग पॉलिश तेच ठेवून आधी पॅड बदललं, मधल्या फोमचं. बरंच गेलं. शेवटी 2500 आणि तेच पॅड, तेव्हा कुठे कुंकवाचा गोल गेला. चावतं ते नुसतं पॉलिश नाही, पॅडही तितकंच चावतं, हे बाटली विकणारा सांगत नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन कमी स्पीडवर ठेवून आधी पसरवायचं, मग स्पीड वाढवून हात हळू. इतका हळू की शेजारचे काका विचारतात, "बंद पडलं का हो?" मशीनच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवली आहे, रेघ फिरताना दिसली नाही की समजायचं, दाब जास्त झालाय, पॅड नुसतं थरथरतंय. उभे-आडवे पाच-सहा हात झाले की पुसायचं आणि पॅडमधला गाळ ब्रशने झाडायचा. हे डिसेंबरमध्येच करा. एप्रिलमध्ये पुण्यात पत्रा इतका तापतो की पॉलिश काम करायच्या आत वाळून बसतं.

चरा खरंच गेला की पॉलिशच्या तेलाने लपला, हे कळायला पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा. पहिल्या दिवशी चार तासांत फक्त बॉनेट झालं. नंतर 3800 चा शेवटचा हात, त्यावर वॅक्स. अख्ख्या गाडीला तीन रविवार गेले. बंपर प्लास्टिकचा, तो लवकर तापतो, तिथे मी फार नाद केला नाही. डाव्या दारावर कुणीतरी किल्ली ओढली आहे. त्यात नख अडकतं, म्हणजे तो चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा. तो तसाच आहे. 40 मायक्रॉनमधले वीस त्याच्यापायी घालवायची माझी तयारी नाही.

यंदाच्या दसऱ्याला आईला समजावलं. तिने गुमान काचेवर स्वस्तिक काढलं. मी निवांत आत जाऊन चहा घेऊन आलो तर बॉनेटवर झेंडूची माळ, दोऱ्यात नव्हे, तारेत ओवलेली.