ठाणे–वाशी लोकल आणि ट्रिगरांची गाठ

मी कोपरखैरण्याला राहते आणि कामाला रोज ठाण्याला जाते. त्यामुळे ट्रेन्झमध्ये, म्हणजे रेल्वे चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, रूट बांधायचं मनात आलं तेव्हा दुसरा कुठला सुचलाच नाही. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. रूळ, फलाट, सिग्नल, सगळं सवडीसवडीने बसवलं. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ते मागाहून घातलं. रूट तयार झाला, गाडी धावली, पण नुसतीच धावली. स्टेशनात थांबा, घंटा ऐका, सिग्नल पाळा, असं सांगणारं कोणी नव्हतं. ते काम सेशनच्या रूल्सचं. सेशन म्हणजे त्या रूटवर खेळायचा एक डाव, आणि रूल म्हणजे त्यात गेमला दिलेली एकेक सूचना. तिथून पुढचे दोन महिने त्यातच गेले.

ट्रिगर म्हणजे रुळावर ठेवायची एक अदृश्य खूण. गाडी तिच्या टप्प्यात आली की गेमला कळतं. तो टप्पा मीटरमध्ये ठरवता येतो, माझ्याकडे सुरुवातीला सगळीकडे २० होता. कळल्यावर काय करायचं ते रूल सांगतो: संदेश दाखव, पुढचं काम सुरू कर. कल्पना एवढीच. खरी मेहनत आहे ती क्रमाची.

पहिल्या दिवशी मी नऊ स्टेशनांचे नऊ संदेश एकाखाली एक लिहिले आणि सेशन चालू केलं. ठाण्याच्या फलाटावरून गाडी हलायच्या आत नऊच्या नऊ संदेश पडद्यावर! यादीत वर-खाली लिहिलं म्हणजे क्रम लागला, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. सगळ्यात बाहेरच्या पातळीवरचे रूल एकदमच सुरू होतात. क्रम हवा असेल तर ते ऑर्डर्ड लिस्ट नावाच्या रूलच्या पोटात, एक पायरी आत सरकवून ठेवावे लागतात. मग एक पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. ट्रिगर चेक, म्हणजे गाडी ट्रिगरवर आली का ते बघणारा रूल, त्याचंही तसंच. गाडी आल्यावर जे व्हायला हवं ते त्याच्या पोटात, आत सरकवलेलं. नव्याने शिकणाऱ्याने आधी हे आत-बाहेर सरकवणं हाताखालून घालावं, बाकीचं नंतर.

दुसरा गोंधळ पनवेल लोकलचा. माझ्या वाशी लोकलच्या पुढे त्याच रुळावर मी एक पनवेलची गाडी सोडली होती, गेमने चालवलेली. तुर्भ्यानंतर ती जुईनगरकडे वळणार, मी सानपाड्याकडे. आता मी ऐरोलीत उभी आणि पडद्यावर ‘घणसोली आलं’. ट्रिगरला गाडी दिसली, कोणाची ते मी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक ट्रिगर चेकमध्ये जाऊन माझ्या गाडीचं नाव निवडलं, मग तो गोंधळ मिटला. गाडीला ओळखू येईल असं नाव आधीच द्यावं, नाहीतर यादीत नुसते आकडे दिसतात आणि चुकीची गाडी निवडली जाते.

सगळ्यात जास्त रमले ते फलाटावरच्या थांब्यात. गाडी खरंच थांबली की नुसती निघून गेली, हे साध्या ट्रिगरवरून कळत नाही. ती आत आली एवढंच कळतं. मी वही घेऊन बसले. माझा फलाट २७० मीटरचा, बारा डब्यांना पुरेल असा. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. न थांबणारी गाडी १९-२० सेकंदांत फलाट ओलांडणार. थांबणारी गाडी त्याच वेगाने आत शिरून सारखा ब्रेक लावत आली तर तिला थांबायलाच जवळजवळ ३९ सेकंद लागतात, वर २० सेकंदांचा थांबा, म्हणजे साधारण मिनिट. या दोन्हींच्या मध्ये मी ४५ सेकंद निवडले. फलाटाच्या तोंडाशी एक ट्रिगर, त्यामागे ४५ सेकंदांची वाट, आणि त्यानंतरच फलाटाच्या पलीकडचा ट्रिगर ऐकायला सुरुवात. कोणी न थांबता गेलं तर पलीकडचा ट्रिगर ऐकायला लागेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते. यादी तिथेच थांबते आणि पुढची सूचना येत नाही. अशा वेळी ‘थांबा चुकला’ हे सांगायला बाजूला वेगळा रूल ठेवला. पलीकडच्या ट्रिगरचा टप्पा मात्र २० वरून १० मीटरवर आणला आणि त्याला बारा डब्यांची गाडी जिथे थांबते त्या पाटीपासून ६० मीटर पुढे नेलं, कारण उभ्या गाडीचं नाक त्यात शिरायला नको होतं. हे आकडे ऐरोलीत जमले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला झोप येत नव्हती.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, मोटरमन म्हणून निवृत्त झालेले. एका रविवारी मी त्यांना चहाला बोलावलं आणि गाडी चालवून दाखवली. घणसोलीनंतर लाल ऑटो सिग्नल (गाड्यांच्या येण्याजाण्याप्रमाणे आपोआप बदलणारा) ठेवला होता, पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ असलेला, कारण पुढे पनवेल लोकल उभी होती. मी थांबले आणि लगेच संदेश आला, ‘पुढे जा’.

काकांनी कप खाली ठेवला. “अगं, असं नाही. लाल ऑटोला दिवसा एक मिनिट उभं राहायचं, रात्री दोन. मग जपून निघायचं, पंधराच्या वर नाही. पुढचं रिकामं आहे असं धरून चालायचंच नाही.”

“काका, दोन मिनिटं खेळणाऱ्याला कंटाळा नाही येणार?”

“येऊ दे. आम्हाला पण ती दोन मिनिटं मोठी वाटायची.”

त्याच संध्याकाळी मी संदेशाआधी ६० सेकंदांची वाट घातली, आणि संदेशात ताशी १५ ची मर्यादा. फलाटावरून सुटताना ‘निघा’च्या जागी ‘गार्डची दोन बेल’ लिहिलं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

मग रात्रीचं वेगळं सेशन करायला घेतलं, १२० सेकंदांचं. नवीन सेशन उघडते तर रूल्समध्ये ट्रिगरांच्या जागा रिकाम्या! एकही ट्रिगर यादीत नाही. दीड दिवस शोधलं. कारण साधं निघालं. गेममध्ये वस्तू वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे थरांवर, ठेवल्या जातात. ट्रिगर ठेवताना मी सेशनच्या लेयरवर होते, रूटच्या नाही. सेशनच्या लेयरवरची वस्तू त्या एका सेशनपुरतीच असते. दुसऱ्या सेशनसाठी ती अस्तित्वातच नसते. सगळे ट्रिगर रूटच्या लेयरवर पुन्हा ठेवले आणि प्रत्येकाला नीट नाव दिलं: ‘ऐरोली आत’, ‘ऐरोली बाहेर’, ‘रबाळे आत’. आता कुठल्याही सेशनमध्ये ते नावानिशी सापडतात. कोणी आज सुरुवात करत असेल तर पहिला ट्रिगर ठेवायच्या आधी कुठला लेयर चालू आहे ते बघा. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर दोन सुट्ट्या वाचल्या असत्या.

परवा काका पुन्हा आले. या वेळी माउस त्यांच्या हातात दिला आणि रात्रीचं सेशन लावलं. घणसोलीपर्यंत सगळे थांबे बरोबर, दोन बेल बरोबर. पुढे लाल ऑटोला गाडी उभी राहिली. खोलीत पंख्याचा आवाज फक्त. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, बोटांवर काही मोजत होते. संदेश आला तेव्हा त्यांचा हात आधीच हलायला लागला होता. पंधराने ते कोपरखैरण्याकडे निघाले आणि पनवेल लोकलचा मागचा दिवा दिसल्यावर हळूच ब्रेक लावला.

तुर्भ्याला गाडी सानपाड्याकडे वळली तेव्हा त्यांनी विचारलं, “नेरूळची कधी करतेस?”

जुईनगरच्या बाजूचे ट्रिगर कालपासून ठेवायला घेतलेत. रूटच्या लेयरवर.