स्वस्त कोटेशन
आज बाथरूमच्या कामाची कोटेशनं समोर घेऊन बसलो. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंगचा उल्लेखच नाही! विचारलं तर म्हणे, "ते एक्स्ट्रा." जुन्या टाइल्स फोडणं, राडारोडा उचलणं, तेही एक्स्ट्रा. मग स्वस्त कसलं, अर्धवट!

दुसऱ्या मिस्त्रींनी न विचारताच सांगितलं, की वॉटरप्रूफिंग सुकल्यावर निदान २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल उतरली नाही तरच टाइल्स बसवायच्या. जाळीकडे उतार कसा काढणार, तेही जागेवर दाखवलं. काम त्यांनाच दिलं. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता सगळे नळ चालवून बघितल्यावर. टाइल्स मोजमापापेक्षा १० टक्के जास्त, कटिंगमध्ये जातातच.

आता घरात वाद फक्त रंगाचा. त्यात मिस्त्रीही पडायला तयार नाहीत.