बाबांचा ओटीपी

आधीच सांगते, यात गाण्यांबद्दल फार काही नाही. गाणी झकास झाली. मला बोलायचंय ते गेटशेजारच्या, तिकिटांच्या तक्रारींच्या पांढऱ्या तंबूबद्दल, जिथे आमची पन्नास मिनिटं गेली.

बाबांनी मे महिन्यात, बुकिंग सुरू झाल्या झाल्या, गाण्यांच्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली होती. एक त्यांचं, एक माझं. कार्यक्रम डिसेंबरात, नगर रस्त्याकडच्या एका लॉनवर. बाबा ऑगस्टमध्ये गेले. आई म्हणाली, "तो धांगडधिंगा मी त्यांच्याबरोबर कधी ऐकला नाही, आता काय जाऊ? काकांना ने."

काका म्हणजे बाबांचे कॉलेजातले मित्र. "आम्ही १९८० साली रंगभवनला पोलिस ऐकलेत," हे बाबांचं पेटंट वाक्य. नवख्या माणसाला वाटायचं, काहीतरी केस झाली असावी. 'द पोलिस' हा इंग्लंडचा बँड. मार्च १९८० मध्ये मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात तो वाजवून गेला आणि हे दोघे पुण्याहून गेले होते. रात्र व्हीटीच्या फलाटावर काढली, घरी मार खाल्ला, वगैरे मला पाठ आहे.

तर तिकीट. ते ॲपमध्ये, आणि ॲप बाबांच्या नंबरावर. क्यूआर उघडायचा तर ओटीपी लागतो. बाबांचा फोन मी कपाटात बंद करून ठेवला होता. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असली, की तो बंद होऊ शकतो. झालाच. कंपनीला तीन मेल केल्या, तिन्हींना एकच उत्तर: नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

नळ स्टॉपहून मेट्रोने रामवाडी, पुढे रिक्षा. त्यात काहीच अडलं नाही. (पाण्याची बाटली आणि पॉवरबँक आत नेऊ देत नाहीत, माझी पॉवरबँक गेली ती गेलीच.)

तंबूत एक मुलगा, समोर लॅपटॉप.

"सर स्वतः आलेत का?"

"नाही, ते वारले."

"मग त्यांचं ऑथॉरिटी लेटर लागेल, मॅडम. सहीचं."

काका म्हणाले, "कधीच्या तारखेचं आणू?" त्याला ते कळलं नाही. मी बाबांचं आधार दिलं, मृत्यूचा दाखला दिला. त्याने दाखल्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, "यावर मोबाइल नंबर नाहीये."

मी काही क्षण त्याच्याकडे नुसती बघत राहिले. मग ओरडले. ओरडायला नको होतं. तो विशीतला पोरगा, त्याला जेवढं शिकवलं तेवढंच तो बोलत होता. पण मागे ड्रम सुरू झाला होता, तंबूचं कापड प्रत्येक ठोक्याला थरथरत होतं, आणि मला दिसत होतं ते घड्याळ. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. म्हणजे इथे गेलेली पन्नास मिनिटं शेवटी कोणी भरून देणार नव्हतं. माझ्यामागे फक्त नाव चुकलेले लोक होते, ते पटापट सुटून आत जात होते. काका खुर्ची मागून बसले आणि पायाने ताल धरायला लागले. मला त्यांचाही राग आला.

शेवटी वॉकीटॉकीवाली एक मुलगी आली. तिने दाखला वाचला, "सॉरी ताई" म्हणाली आणि विचारलं, "पैसे कुठल्या कार्डवरून भरले? शेवटचे चार आकडे सांगता येतील?" खातं बाबांचं आणि माझं जॉइंट, स्टेटमेंट माझ्या मेलवर. बुकिंग नंबर जुळला, रक्कम जुळली. दोन मिनिटांत काम झालं!

म्हणून कोणाच्या घरी असं असेल तर: बुकिंगची मेल आणि पैसे भरल्याचा पुरावा छापून न्या, आणि तंबूत गेल्या गेल्या वरच्या माणसाला बोलवा. लेटरच्या वादात पडू नका. आणि गेलेल्या माणसाचं सिम निदान सहा महिने रिचार्ज करत राहा, बँक आणि गॅसचे नंबर बदलून होईपर्यंत तरी.

मनगटावर कापडी पट्टी बांधतात. तिच्यावर प्लास्टिकचा मणी असतो, तो एकाच दिशेने सरकतो. मुलीने विचारलं, "सरांच्या तिकिटावर कोण?" काकांनी घड्याळ वर सारून हात पुढे केला. मनगट इतकं बारीक की मणी पार टोकाला गेला.

चार गाणी हुकली. काका कानांत कापसाचे बोळे घालून शेवटपर्यंत उभे होते. (बोळे घरूनच न्या, स्पीकरच्या जवळ उभं राहणार असाल तर लागतातच.) दहाला आवाज बंद.

परतीच्या रिक्षात मी पुन्हा त्या तंबूवर घसरले. काका म्हणाले, "अगं, बाहेरून ऐकू येत होतंच की."

"बाहेरून ऐकायला आलो होतो का आपण? तुम्ही नाही का रंगभवनात आत बसून..."

"आत?" काका हसायला लागले. "तिकिटाला पैसे कुठले? भिंतीला टेकून ऐकलं आम्ही. तुझा बाप कधी 'पाहिलेत' म्हणाला होता का?"