थर चढवणारा आहे, लेथवर घेणारा नाही

उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. वीस वर्षं बोअर, म्हणजे भोकाचा आतला व्यास, मोजतोय. त्यामुळं सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याच्या शेवटाला नळी अरुंद झालीय," तेव्हा मी पहिलं विचारलं, "किती एमएम राहिलीय?" ते हसले. मी नाही.

आजार क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणि जखमा. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली त्याचं नीट वर्णन केलं. मला मात्र आधी दोन वर्षं "गॅस" होता, मग सहा महिने टीबीच्या गोळ्या. दोन्ही आजारांची जागा बहुतेक वेळा तीच आणि घावही सारखेच दिसतात, तेव्हा तो घोळ एकवेळ समजू शकतो. पण गोळ्यांनी फरक पडेना तरी पुन्हा स्कोप (दुर्बिणीची नळी घालून आतडं बघणं) करायचं कुणी नाव काढलं नाही, याचा राग अजून आहे.

शेवटी इन्फ्लिक्सिमॅबची सलाईन सुरू झाली. टीएनएफ नावाचा निरोप्या "आग लागली" म्हणून पेशींना उठवत फिरतो, हे औषध त्याला धरून ठेवतं. पण दबलेल्या टीबीला कोंडून ठेवायलाही तोच टीएनएफ लागतो. म्हणून आधी परत छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी!

जुलाब थांबले, वजन वाढलं, शौचाच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिनही उतरलं. तरी जेवणानंतर दोन तासांनी पोटात पीळ पडायचाच. गुडगुड इतकी मोठी, की बायको शेजारच्या खोलीतून म्हणाली, "अहो, पाण्याची मोटर बंद केली न्हवं?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. जखम भरायला टीजीएफ-बीटा नावाचा ग्रोथ फॅक्टर येतो. एकीकडं तोच सूज आवरतो, दुसरीकडं फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन, म्हणजे वणाचे चिवट धागे, भरायला लावतो. जखम पुन्हा पुन्हा झाली की भरणंही पुन्हा पुन्हा. भिंत जाड आणि कडक होते, आणि तो कडकपणाच पेशींना अजून भरायला सांगतो. मग सूज उतरली तरी काम चालूच.

मी म्हटलं, आमच्याकडं झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर देतात, मग लेथवर लावून मापाला आणतात. इथं थर देणारा आहे, लेथवर घेणारा कुणी नाही.

"आहे की मिस्त्री, कोलॅजन कापणारी एन्झाइम्स असतात. पण तुमच्या आतड्यात भरणारे जास्त झालेत." हा वण विरघळवणारं औषध अजून बाजारात नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

अरुंद भाग आखूड होता म्हणून स्कोपमधून फुगा घालून ताणला. फुगा पंधरा एमएमचा, हे मी विचारून घेतलं. पुन्हा आवळलं तर परत फुगा, नाहीतर ऑपरेशन.

मटकीची मिसळ बंद आहे. रविवारी पांढरा रस्सा प्यायलो, तोही गाळून. वाटीतलं मटण पोरानं उचललं, माझ्याकडं न बघता.