मिसिसिपी डेल्टात एमेट टिलच्या मागावर

एमेट टिल हा 1955 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात गोऱ्यांनी मारलेला काळा मुलगा. त्याच्या खुनाशी जोडलेल्या जागा बघायचा हा प्रवास गाडी भाड्याने घेतल्याशिवाय जमत नाही. ग्रीनवुडला रेल्वे थांबते, पण तिथून पुढे सगळी भिस्त स्वतःच्या गाडीवरच. मुक्काम ग्रीनवुडलाच करा. पुढची गावं इतकी छोटी आहेत की जेवणाचेही वांधे होतात.

बहुतेक जण आधी मनी गावातल्या ब्रायंटच्या किराणा दुकानाकडे धावतात. मी म्हणेन, आधी खुनाचा खटला जिथे चालला ते समनर गावचं कोर्ट बघा. दुकानाचं आता छप्परही उरलेलं नाही, नुसत्या वेलींनी वेढलेल्या भिंती. जागा खासगी आहे, आत शिरू नका. रस्त्यालगतची पाटी वाचून निघा.

शिकागोचा 14 वर्षांचा एमेट ऑगस्ट 1955 मध्ये आईच्या मावशीकडे सुट्टीला आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढल्याचं निमित्त झालं. 28 ऑगस्टच्या पहाटे तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ मायलम यांनी त्याला घरातून उचललं. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं, गळ्यात काटेरी तारेने बांधलेला कापसाच्या जिनिंगचा लोखंडी पंखा. आम्ही विदर्भातले, जिनिंगची यंत्रं लहानपणापासून बघितलेली. तो तपशील वाचताना पोटात कालवलं.

समनरचं कोर्टरूम 1955 साली होतं तसं पुन्हा सजवलंय. मावशीचे यजमान मोझेस राइट इथेच भर कोर्टात उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसाने हे करणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने जेमतेम तासाभरात दोघांना निर्दोष सोडलं. पुढे जानेवारी 1956 मध्ये एका नियतकालिकाकडून पैसे घेऊन त्यांनीच खुनाची कबुली दिली; पण एकदा सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नव्हता. बाहेर हिरवळीवर अमेरिकी यादवी युद्धात गुलामीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचं स्मारकही आहे. ते चुकवू नका, खटल्याची हवा लगेच कळते.

इमारतीत आजही कामकाज चालतं, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. समोरच्या एमेट टिल केंद्रात आधी फोन करून मार्गदर्शक ठरवा.

ग्रॅबॉल लँडिंग ही प्रेत सापडल्याची जागा मानतात. शेतांमधून जाणारा कच्चा रस्ता आहे, पावसानंतर छोटी गाडी नेऊ नका. पाणी, डासांचं मलम जवळ ठेवा, स्वच्छतागृह नाही. इथली पाटी आधी चोरीला गेली, नंतरच्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून 2019 मध्ये बुलेटप्रूफ पाटी बसवली. 2023 पासून ही जागा, समनरचं कोर्ट आणि शिकागोचं रॉबर्ट्स टेम्पल चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक आहे.

त्या चर्चमध्ये आई मॅमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली. लेकाचा ओळखू न येणारा चेहरा हजारोंनी पाहिला, फोटो 'जेट' साप्ताहिकात छापून आले. माझ्या मते काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीला खरी धग तिथून मिळाली. 27 नोव्हेंबर 1955 ला अलाबामा राज्यातल्या माँटगमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये चळवळीतले नेते डॉ. हॉवर्ड यांनी याच खुनावर भाषण केलं. श्रोत्यांत रोझा पार्क्स होत्या. चारच दिवसांनी त्यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. हाताशी आणखी एक दिवस असेल तर माँटगमेरी जोडून घ्या. अंतर बरंच आहे, पहाटेच निघा.