आउटबोर्डच्या पंपातला पडदा

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस देवबागजवळ कर्ली खाडीच्या मुखाशी आमच्या होडीचे आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून टांगलेले, इंजिन बंद पडू लागले. ओहोटी लागलेली होती, आणि ओहोटीचे पाणी तेथे समुद्राच्या लाटांना भिडते तेव्हा होडी नुसती सरळ ठेवायलाही इंजिनाला जोर लावावा लागतो. मंद गतीवर ते बरे चालत होते. हँडल पिळले की दहा-पंधरा सेकंद जोराने ओढायचे आणि मग गुदमरल्यासारखे होऊन खाली बसायचे. बरोबर काका होते. त्यांची सारी हयात याच खाडीत गेली आहे. त्यांनी झाकण उघडले नाही की ठिणगी पाडणाऱ्या प्लगला हात लावला नाही. मला एवढेच म्हणाले, "गोळो दाबीत र्‍हव. चल्ला तर पंप गेलो म्हणान समज."

टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीवर मुठीएवढा एक रबरी गोळा असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो दाबून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून देणारा भाग, भरून घेतात, आणि एकदा इंजिन चालू झाले की त्याचे काम संपते. त्या दिवशी मी तो दर चार-पाच सेकंदांनी दाबत राहिलो आणि इंजिन घरापर्यंत ओढत आले. एरवी टाकीतून पेट्रोल ओढण्याचे काम इंजिनावरचा पंप करतो. गोळा दाबला की ते त्या पंपाच्या झडपा ढकलून थेट कार्बोरेटरमध्ये जाते, म्हणजे पंपाचे काम आपला हात करतो. हाताने दिलेले पेट्रोल इंजिनाला पुरते आणि पंपाने दिलेले पुरत नाही, असे दिसल्यावर संशय बहुतांशी पंपावरच येऊन थांबतो. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असता किंवा टाकीतील जाळी तुंबली असती, तर गोळा आत ओढला जाऊन चपटा झाला असता. आमचा गोळा गोलच होता. शिवाय दर दाबाबरोबर मागचा धूर दाट होत होता. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

हे इंजिन पंधरा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक जातीचे असून आमच्या घरात वीस वर्षांहून अधिक काळ आहे. त्याच्या पंपाला वीज लागत नाही, दांडा नाही, फिरणारा एकही भाग नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर गेला की त्याच्याखालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा विरळ होते आणि पिस्टन खाली आला की ती दाबली जाते. दाबाची ही चढउतार, म्हणजे स्पंद, एका लहानशा छिद्रातून पंपात पोहोचते आणि तेथील पातळ पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, आत-बाहेर हलवते. पडदा एका बाजूला गेला की आत येणारी झडप उघडून पेट्रोल ओढले जाते, दुसऱ्या बाजूला गेला की ती मिटून बाहेर जाणारी उघडते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर हा पडदा सेकंदाला सुमारे ८३ वेळा हलतो. नखाने सहज वाकणारी एक चकती हे काम वर्षानुवर्षे बिनतक्रार करते, याचे मला आजही फार अप्रूप वाटते. १९५० च्या दशकातील काही अमेरिकन आउटबोर्डांत पंपच नसे. क्रँककेसचा दाब एका नळीने टाकीत सोडून दुसऱ्या नळीने पेट्रोल वर ढकलत. दाबाखाली ठेवलेली पेट्रोलची टाकी होडीत पायाशी बाळगण्यापेक्षा हा पडदा कितीतरी बरा.

दुसऱ्या दिवशी खळ्यात इंजिन लाकडी घोडीवर टांगून मी आधी दोन्ही प्लग काढले. वरच्याचे टोक फिके, जवळजवळ करड्या रंगाचे होते. खालचा काळा आणि पेट्रोलने ओला होता. आमच्या इंजिनात पंपाला स्पंद खालच्या सिलिंडरकडून मिळतो. पडद्याला भोक पडले की पेट्रोल त्या स्पंदाच्या छिद्रातून थेट खालच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये उतरते, त्यामुळे खालचा सिलिंडर बुडतो आणि वरचा उपाशी राहतो. आदल्या दिवशी गोळा दाबताना वाढणारा धूर याचाच होता. उपाशी सिलिंडर ही अधिक गंभीर गोष्ट आहे, कारण टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. आम्ही ५० लिटरला १ लिटर घालतो. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, सिलिंडर तापतो आणि पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो. म्हणून 'थोडे अडखळते, पण चालते' अशा अवस्थेत इंजिन दामटत राहू नये, असे मी कळकळीने सांगेन. काही शे रुपयांच्या पडद्यासाठी पिस्टन आणि सिलिंडर जाऊ शकतो.

पंप काढताना सर्वांत जास्त वेळ स्क्रूंनी घेतला. खाऱ्या हवेत स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये अक्षरशः रुजतात. रात्रभर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले आणि सकाळी जपानी खाचेचा स्क्रू ड्रायव्हर वापरला. जपानी स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फुलीसारखी दिसते, पण तिचा आकार किंचित निराळा असतो; साधे टोक तिच्यातून वर सरकते आणि खाच खाऊन टाकते. सुटे करण्यापूर्वी पंपाच्या तिन्ही थरांवर बाजूने एक तिरकी रेघ ओढून घेतली, कारण थर उलटसुलट बसले तरी स्क्रू जातात आणि चूक बाहेरून कळत नाही.

पंप इंजिनापासून अलग होताच स्पंदाच्या छिद्रातून पेट्रोलचे दोन थेंब तळहातावर पडले. तेथे तेलाचा हलका ओलावा असायला हवा, पेट्रोल मुळीच नको. आतला पडदा काळा, रबर चढवलेल्या कापडाचा होता. बोटांत धरल्यावर तो जुन्या रेनकोटसारखा कडक लागला आणि त्यावर स्प्रिंगच्या टोपीची गोल खूण कायमची उमटलेली होती. नुसत्या डोळ्यांना तो अखंड दिसला. मी तो खिडकीसमोर उजेडात धरला, तेव्हा त्या गोल खुणेच्या कडेने, सुईने टोचावीत तशी, प्रकाशाची तीन टिंबे चमकली. काकांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि न बोलता परत दिला. झडपांपैकी एका पातळ पट्टीचे टोक वर वळलेले होते, म्हणजे ती पूर्ण मिटत नव्हती.

दुरुस्तीच्या संचात दोन पडदे, थरांमधली फट बंद करणारे गॅस्केट, झडपांच्या पट्ट्या आणि स्प्रिंग येते. दुसरा पडदा बाहेरच्या झाकणाखाली बसतो आणि पेट्रोलच्या प्रवाहातले धक्के शोषून घेतो. भाग बदलणे सोपे आहे. पृष्ठभाग सपाट करण्याला मात्र धीर लागतो. जुने गॅस्केट खरवडताना लोखंडी पाते वापरले तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि त्यातून हवा जाते, म्हणून मी लाकडी पट्टीची धार वापरली. मग जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून, प्रत्येक थर आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवला. सुरुवातीला फक्त कोपरे चमकले, मधला भाग काळाच राहिला. स्क्रू अवाजवी आवळल्याने थर कोपऱ्यांतून वाकले होते. सगळीकडे सारखी झिलई येईपर्यंत अर्धा तास गेला. त्यानंतर पेट्रोलने धुऊन प्रत्येक मार्गातून हवा मारली, कारण त्या कागदाचा एक कणही झडपेखाली अडकला तर सारे श्रम वाया जातात. गॅस्केटला कोणताही लेप लावू नये. पेट्रोलमध्ये तो सुटतो आणि त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातात.

पहिल्या जुळणीत माझी चूक झाली. मी एका कोपऱ्यातील स्क्रू आधी पूर्ण आवळला, त्यामुळे नवा पडदा ओढला जाऊन कडेला बारीक चुणी पडली. स्वच्छ नळीने आत येणाऱ्या बाजूने फुंकले की हवा जात होती, हे ठीक. पण बाहेरच्या बाजूने फुंकल्यावरही थोडी सुटत होती. पुन्हा उघडले, पडदा सपाट केला, आणि या वेळी समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने, हाताच्या जोराइतकेच आवळले. मग बाहेरच्या बाजूने फुंकल्यावर हवा मुळीच सुटली नाही.

पिंपात पाणी भरून इंजिन सुरू केले. पाण्याबाहेर ते चालवायचे नसते, थंड करणाऱ्या पंपाची रबरी पंखी कोरडी फिरून काही क्षणांत जळते. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये मी थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली होती. पहिले मिनिटभर तीत बुडबुडे आले, मग पेट्रोल अखंड वाहू लागले. संध्याकाळी भरतीच्या पाण्यात खाडीत वीस मिनिटे पूर्ण गतीने गेलो. काका गोळ्यापाशीच बसले होते, पण तो त्यांना एकदाही दाबावा लागला नाही.

पडदा इतका कडक का झाला, याची दोन कारणे मला दिसतात. एक तर त्याचे वय. दुसरे म्हणजे इथेनॉल : देशातील पेट्रोलमध्ये २०१४ साली त्याचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते, ते २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आले, आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेते; पावसाळी हवेत भरून ठेवलेल्या टाकीत ते पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून नवा संच घेताना तो इथेनॉल सोसणारा आहे का, हे मी विचारून घेतले, आणि जूनमध्ये होडी वर ओढण्यापूर्वी नळी काढून, कार्बोरेटर कोरडा पडून इंजिन आपणहून थांबेपर्यंत ते पिंपात चालवले. दुसरा एक संच आता होडीतल्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतो. त्याच्या वेष्टणावर मी खरेदीचा महिना लिहून ठेवला आहे, कारण न वापरलेले रबरही जुने होते.