रौप्यमहोत्सव आणि समुद्राची वाट

येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षे पूर्ण होतील आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सध्या संध्याकाळच्या चहाबरोबर एकच विषय असतो: मुंबईहून गोव्याला जाणारे क्रूझ घ्यावे, की थेट लक्षद्वीपचे.

गोव्याची सफर आटोपशीर असते. लक्षद्वीपची बेटे पोवळ्यांची असून भोवतीचे पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज खोल समुद्रातच थांबते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरावे लागते. हिचा दुखरा गुडघा पाहता मला तेच अवघड वाटले.

खरा प्रश्न मात्र केबिनचा होता. घाटातली एसटी लागते म्हणून जी आजही पर्समध्ये आवळासुपारीची डबी बाळगते, तिच्यासाठी जहाजाच्या मधल्या भागातला खालचा मजलाच योग्य, कारण दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक जाणवतात, असे माझे ठाम मत होते. तिने जेवणाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरला, चष्मा कपाळावर सारला आणि मधोमधच्याच, पण वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीवाल्या केबिनभोवती पेन्सिलीने गोल काढला.

"आपण पहिल्यांदा बोललो ते सूरसागर तलावाच्या काठावर," ती म्हणाली. "पाणी डोळ्यांसमोर हवेच."

पावसाळ्याच्या मानाने डिसेंबरात अरबी समुद्र बराच शांत असतो, म्हणून मीही आग्रह सोडला. गोव्याची, बाल्कनीची केबिन काल नक्की केली. प्रवासात लागणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना तेवढे विचारायचे आहे.